दोन दातांमधली फट

मोहगाव
२८ ऑगस्ट २०२५

ताई,

माझे वरचे समोरचे दोन दात अर्ध्यातून तुटले आहेत. मुळं शाबूत आहेत, दात काढावे लागणार नाहीत, असं सौंसरच्या डॉक्टर सुचिता मॅडमनी काल एक्स-रे पाहून सांगितलं. त्यावर सिरॅमिकच्या कॅपा बसतील आणि सांभाळल्या तर बरीच वर्षं टिकतील. म्हणून काळजी करू नकोस. चार वर्षांनी पहिलं पत्र लिहायचं आणि त्यात दातच, हे मलाही कळतं. पण तुझा नवा नंबर आमच्यापैकी कोणाकडे नाही. बैतूलच्या तुझ्या शाळेचा पत्ता तेवढा मला मिळाला. कोणाकडून, ते विचारू नको.

लोकांना सांगायचं असं ठरलं आहे की उर्वशी मोरीत पाय घसरून पडली, ओठ फुटला; दातांचं नाव नाही. शेजारी, मैत्रिणी, बाबांच्या बागेत संत्री तोडायला येणारी माणसं, सगळ्यांना हेच. तुला खरं लिहिते. पोळ्याला मी मनकर्णा आत्याकडे पांढुर्ण्याला गेले होते. दुसऱ्या दिवशी गोटमारीची जत्रा. आत्याचं घर नदीच्या इतकं जवळ आहे की त्या दिवशी ती गच्चीवर वाळवणसुद्धा ठेवत नाही. मी गच्चीवर गेले. नदीत पळसाचं झाड रोवलेलं, त्यावर झेंडा, अलीकडून पांढुर्ण्याचे गोटे, पलीकडून सावरगावचे. मी गर्दी पाहत होते. पलीकडून एक गोटा आला, कठड्यावर आपटला आणि उसळून माझ्या तोंडावर. आधी दुखलं नाही. जिभेला एकदम गार हवा लागली, तेव्हा कळलं.

माझं लग्न जुळलं आहे, हे खरं तर वरच लिहायला हवं होतं. मुलगा सावरगावचा आहे. नाव विनोद. जळलेले मोटारपंप दुरुस्त करायचं त्याचं दुकान आहे. जूनमध्ये ते लोक पाहून गेले, पसंती कळवली, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लग्न. लग्न जुळलेली पोरगी नवरदेवाच्या गावाच्या आसपास दिसू नये, हा आपल्याकडचा कायदा तुला माहीत आहे. आत्याचं घर नदीच्या अलीकडे, म्हणून आईनं मला कसंबसं सोडलं होतं. आता सावरगावच्याच गोट्यानं सावरगावच्या नवरीचे दात पाडले, हे तिकडे कळलं तर काय काय म्हणतील याची यादी आईच रोज म्हणून दाखवते.

आत्या रडतच म्हणाली, "वहिनी, माह्या गच्चीचं नाव नोका घेऊ बाप्पा."

आई म्हणाली, "एकीनं नाक कापलं, दुसरीनं दात पाडले. आता कोनतं तोंड दाखवू लोकाइले?"

हे तुला लिहायला नको होतं. पण खोडलं तर कागद खराब दिसेल.

उर्वशी

सौंसर, दवाखाना
१७ सप्टेंबर

ताई,

आई मला खुर्चीत बसवून जामसावळीच्या मारुतीला गेली आहे, म्हणून लिहिता येत आहे. माझा फोन सध्या तिच्याकडेच असतो. विनोदचा व्हिडिओ कॉल आला आणि मी चुकून उचलला तर, ही तिची भीती. त्यांच्या घरी तिनं सांगून टाकलं, आमच्यात लग्नाआधी असं तोंड पाहत बोलत नाहीत. जसं काही आमच्यात आजवर कोणी फोनच वापरला नाही.

मोहगावहून बसमध्ये बसताना मी स्कार्फ डोळ्यांपर्यंत बांधते. कोणी विचारलं तर मी चष्म्याचा नंबर काढायला जात आहे. मागच्या आठवड्यात बसमध्ये शालिकराम मास्तर भेटले. म्हणाले, "पोरी, डोळे तं उघडेच ठेवले तू, तोंडच बांधलं." सगळी बस हसली. मीही आतल्या आत हसले, आणि ओठ तुटक्या दाताला घासला.

दोन्ही दातांचं रूट कॅनल झालं. मुळांमध्ये खुंटी बसवून डॉक्टरांनी दात चारी बाजूंनी तासले. आरशात पाहिलं तर दोन बारीक खुंट दिसत होते, कापूस वेचून पऱ्हाटी कापली की वावरात राहतात तसे. मग माप घेतलं. नागपूरच्या लॅबमधून पक्क्या कॅपा येईपर्यंत त्यावर टेम्पररी कॅपा आहेत. भुट्टा दातानं तोडायचा नाही. ऊस नाही, सुपारी नाही, दातानं दोरा तोडायचा नाही, पिशवीची गाठ सोडायची नाही. मऊ ब्रश हिरडीपासून खाली फिरवायचा. पक्क्या बसल्या की रात्री दातांच्या मधून धागा फिरवायचा, कारण कॅप किडत नसली तरी तिच्या कडेखालचा दात किडतो. मी हे सगळं करते. मोहगावात भुट्ट्याचे दिवस आहेत आणि मी दाणे चाकूनं काढून खाते. बाबा पाहतात आणि दुसरीकडे तोंड करतात.

मागच्या वेळी डॉक्टरांनी दातांच्या रंगांची पट्टी आणली. लहान लहान दात ओळीनं लावलेली, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत. एकेक नमुना माझ्या बाजूच्या दाताला लावून पाहायला लागल्या. आईनं पिशवीतून फोटो काढला. माझा लग्नाच्या बायोडाटावरचा. स्टुडिओवाल्यानं त्यात माझा रंग उजळला होता, दात पांढरे केले होते आणि समोरच्या दोन दातांमधली फट भरून टाकली होती.

"असेच करा," आई म्हणाली.

डॉक्टर म्हणाल्या, "काकू, फोटोतले दात तोंडात शोभत नाहीत. बाजूच्या दाताशी मेळ बसला पाहिजे."

"त्या लोकाइच्या घरी हाच फोटो हाय मॅडम. मिलवतीन तं याच्याशीच मिलवतीन."

"आणि फट? आधी होती ना हिला? ठेवायची की बुजवायची?"

"बुजवा. चांगलीच बुजवा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात कापूस होता.

कापूस नसता तरी बोलले नसते. तू सुमेधसोबत निघून गेल्यापासून या घरात माझ्या बोलण्याचा काही उपयोग होतो असं मला वाटेनासं झालं आहे. तू एकदा नकार दिलास, म्हणून माझा नकार मलाच गिळावा लागतो. मी रागानं लिहीत नाही. जसं आहे तसं लिहिते.

ती फट तुला आहे, आत्याला आहे, बाबांच्या आईला होती. आता मला नसेल; टेम्पररी कॅपांतही नाही.

आई आली. नारळाचा तुकडा घेऊन आली आहे. प्रसाद आहे, चावता येणार नाही, चोखून खाईन.

उ.

मोहगाव
२७ ऑक्टोबर

ताई,

काल साक्षगंध झालं. अंगठी बसली, साडी मोरपंखी रंगाची. सावरगावहून दोन गाड्या भरून लोक आले होते. आईनं मला शिकवून ठेवलं होतं: हसायचं, पण ओठ मिटून. मोठ्यानं विचारलं तर हळू उत्तर द्यायचं. पेढा भरवतील तेव्हा बाजूच्या दातानं घ्यायचा. सासूबाईंनी पेढा सरळ समोरून कोंबला. टेम्पररी कॅपा टिकल्या. आत्या लांबून पाहत होती. नंतर मोरीत येऊन मला म्हणाली, "पेढा निभला माय, पन विडा तोडाची येळ येईन तेव्हा काय करशीन? समोरच्या दातात विडा धराचा अन् नवरदेवानं वढाचा. दात त्याच्या हातात आले तं?" तिला हसू येत होतं आणि रडूही. मला दोन्ही आलं नाही.

जेवणं झाल्यावर लोकांनी आम्हाला ओसरीवर पाच मिनिटं बसवलं. आई दारातच उभी होती.

विनोद म्हणाला, "एक विचारू का जी? राग नका मानू."

"विचारा."

"ते मधातली फट कुठं गेली?"

मी म्हणाले, "फोटोत पाहा ना."

"फोटोत नव्हतीच. पाहाले आलो तेव्हा होती. तुम्ही चहा आनला, कपबशी वाजली, तुम्ही हसल्या, तेव्हा दिसली. चार महिन्यापासून फोटो पाहून मीच सोताले म्हनून राहिलो का बा आपनच चुकीचं ध्यानात ठेवलं." मग तो थोडा हसला. "मले तेच आवडली होती."

"जवाईबापू, चहा थंडा होऊन राहिला," आई दारातून म्हणाली.

संपलं. तो उठला.

आता तुला एक सांगते. पहिल्या पत्रात मी लिहिलं की गच्चीवरून गर्दी पाहत होते. मी गर्दी पाहत नव्हते. मी त्याला शोधत होते. जूनमध्ये ते पाहायला आले तेव्हा मी एकच प्रश्न विचारला होता, तुम्ही गोटमारीत जाता का? तो म्हणाला, "नाही जी. मी तं त्या दिवशी दुकान बंद करून घरीच राहातो." माझा होकार त्या एका उत्तरावर होता. मला डोकं फोडणारा माणूस नको होता. ते खरं आहे का, एवढंच पाहायला मी गच्चीवर गेले होते.

तो पलीकडच्या काठावर होता. पिवळा शर्ट. हात वर, हातात गोटा. पाहून गेल्याला दोन महिने झाले होते, तरी ओळखला. तो गोटा मला लागला असं मी म्हणत नाही. गोट्यावर कोणाचं नाव नसतं. पण मी त्याच्याकडे पाहत राहिले, कठड्यामागे बसायचं राहिलं, म्हणून लागला.

बघ माझी अडचण. त्याला विचारायचं तर मी तिथं होते हे सांगावं लागतं. तिथं होते म्हटलं की दात आले. दात आले की आई आली. त्याचं खोटं माझ्या खोट्याच्या आत बंद आहे आणि आम्ही दोघं मिळून त्याच्यावर मंडप टाकत आहोत.

माझं एक काम कर. तुझा एक फोटो पाठव, दात दिसतील असा, मोठा. सौंसरच्या दवाखान्याच्या पत्त्यावर, पाकिटावर डॉक्टर मॅडमचं नाव घाल. काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

उर्वशी

सौंसर, दवाखाना
१२ नोव्हेंबर

ताई,

पाकीट मिळालं. फोटो मिळाला. आत चिठ्ठी नव्हती, मी दोनदा पाहिलं. पण फोटोत तू इतकी तोंडभरून हसलीस की मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं. मागे सुमेध आहेत का, तो खांदा कोणाचा?

इकडचं सांगते. मागच्या आठवड्यात नागपूरहून पक्क्या कॅपा आल्या. डॉक्टरांनी आधी नुसत्या घालून पाहिल्या, सिमेंट न लावता. मग मला आणि आईला दाराशी नेलं, उन्हात. हातात आरसा दिला. ताई, माझे दोन दात पुढे चालले होते आणि बाकीची मी मागून येत होते. फोटोत स्टुडिओवाल्यानं सगळेच दात पांढरे केले होते, तोंडात मात्र आमचे दोनच झाले. बाजूचे होते तसे, थोडे पिवळसर, आपल्या घरचे. मधली फट बुजवायची म्हणून दोघंही रुंद झालेले.

आईनं बराच वेळ पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "थोडसे घासून पिवळे नाही होत का?"

"सिरॅमिक भट्टीतून निघालं काकू, की त्याचा रंग तोच. चहा पिऊनही पिवळं होत नाही. दुसरे करावे लागतील."

आईनं आरसा माझ्या हातातून घेऊन ठेवला. बाजूच्या औषधाच्या दुकानातून माझ्यासाठी माऊथवॉश आणायला गेली. तेव्हा डॉक्टर माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी तुझ्या आईला विचारत बसले. दात कोणाच्या तोंडात बसवायचे आहेत?"

"माझ्या."

"मग बोल."

तोंडात कापूस नव्हता. मी म्हणाले, बाजूच्या दातांच्या रंगाचे करा आणि फट ठेवा. किती, ते दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. आधीचे माझे सगळे फोटो ओठ मिटलेले किंवा स्टुडिओतले. आज तुझा फोटो दिला. त्यांनी तो दिव्याखाली धरला, मोजपट्टी लावली, म्हणाल्या, "बहीण ना? जबड्याची ठेवण तीच आहे. लॅबला हाच पाठवते."

आईला एवढंच माहीत आहे की रंग बदलणार. फट राहणार, हे तिला सांगितलं नाही. त्यामुळे आता एक खोटं माझं स्वतःचंही झालं. बाकीची मला कोणीतरी दिलेली होती.

उर्वशी

मोहगाव
२५ नोव्हेंबर

ताई,

मंडपवाला येऊन माप घेऊन गेला. अंगणात वाळवण, ओसरीवर अहेराच्या साड्यांचे ढीग, खोलीत पाहुणे. घरात मला उभं राहायला जिथं जागा उरली आहे तिथं उभी राहून लिहीत आहे. उद्या बुधवारी कॅपा पक्क्या बसायच्या आहेत.

गेल्या शुक्रवारी आईला ताप होता, म्हणून बाबा मला मोटरसायकलवर सौंसरला घेऊन गेले. दवाखान्यात ते कधी आत येत नाहीत, त्या दिवशी आले. नव्या कॅपा डबीत होत्या आणि शेजारी तुझा फोटो. बाबांनी तो उचलला. पाहिला. होता तसा ठेवला आणि बाहेर गाडीपाशी जाऊन उभे राहिले. परत येताना नाल्यावरच्या पुलाशी गाडी हळू करून विचारलं, "तिचे दात साबूत हायेत ना?"

मी म्हणाले, "हो बाबा. सगळे."

"बरं," म्हणाले आणि गाडी पुढे घेतली. चार वर्षांत त्यांनी तुझ्याबद्दल विचारलेलं एवढंच. तुला कळवते.

त्याच दिवशी बाबा बाहेर उभे असताना मी डॉक्टरांच्या फोनवरून विनोदला फोन केला. नंबर पाठ होता. आमच्या विहिरीवरच्या मोटारीला त्याच्या दुकानाचं स्टिकर आहे.

"हॅलो, विनोद मोटर वाइंडिंग."

"मी उर्वशी."

"कोन उर्वशी?" आणि लगेच, "अरे बाप्पा! बोला ना जी. नंबर कोनाचा हा?"

"दवाखान्याचा. माझे समोरचे दोन दात तुटले. साक्षगंधाला तुम्ही पाहिले ते खोटे होते."

मागे एक मोटार चालू होती. ती बंद झाली.

"कधी तुटले?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी."

सावरगावच्या माणसाला पोळ्याचा दुसरा दिवस समजावून सांगावा लागत नाही.

"कुठं होत्या तुम्ही?" त्यानं विचारलं.

"ते समोर सांगीन. बुधवारी अकराला सौंसरला दवाखान्यात या. पक्के बसवायच्या आधी माझं तोंड आहे तसं पाहून घ्या. आणि त्या दिवशी तुम्ही कुठं होता, ते तुम्ही सांगा."

"मी तं घरीच," तो म्हणाला आणि तिथेच थांबला.

मी थांबू दिलं. डॉक्टर कपाटात काहीतरी शोधायचं निमित्त करत पाठ करून उभ्या होत्या.

"पाहातो," तो शेवटी म्हणाला.

आपल्याकडे 'पाहातो' म्हणजे येतो, की येत नाही, की आईला विचारतो, हे तूच सांग. तेव्हापासून त्यांच्याकडून फोन आला नाही. बोलणं मोडलं असा निरोपही आला नाही. आई म्हणते, लग्नाची घाई असेल. तिला काहीच माहीत नाही. ती रोज मला दूध देते आणि म्हणते, "दात बसले का मंग सारं सुटलं बाई." ती दुष्ट नाही, ताई. तू गेलीस तेव्हा लोकांनी तिला विचारलेले प्रश्न मी ऐकले आहेत. तिला ते परत ऐकायचे नाहीत. मलाही नाहीत. पण मग जन्मभर ओठ मिटून हसायचं आणि पिवळा शर्ट धुवायला टाकताना काही विचारायचं नाही, हेही जमणार नाही. दोन्हीकडून दार बंद आहे आणि मी मधे उभी आहे, नदीतल्या त्या पळसासारखी.

आत्या काल आली. तिला सगळं सांगितलं, फटीचंही. ती पदर तोंडाला लावून बसली. मग पदर काढून आपली फट दाखवत म्हणाली, "चाळीस वर्सं झाले, याच फटीतून तुह्या आतोबाले शिट्टी मारून बोलावतो मी." मग हसू आवरून म्हणाली, "माह्या गच्चीचं नाव घेशीन तं घे."

उद्या असं होणार आहे. सकाळच्या बसनं मी आणि आई निघू. डॉक्टर टेम्पररी कॅपा काढतील, खुंट साफ करतील. नव्या कॅपा घालून दाखवतील आणि आईला फट दिसेल. त्यानंतर आई काय बोलेल हे मी मनात बरेचदा म्हणून पाहिलं आहे. मग कॅपा परत डबीत जातील. पक्कं सिमेंट एकदा लागलं की कॅप कापूनच काढावी लागते, म्हणून मी डॉक्टरांना विनंती केली की विनोद येईपर्यंत थांबा. त्या म्हणाल्या, बारापर्यंत थांबते, पुढे दुसरा पेशंट आहे. तोवर मी खुर्चीत नाही, बाहेर बाकावर बसेन, दोन खुंट घेऊन, स्कार्फ न बांधता. सौंसरच्या त्या रस्त्यावरून अर्धं मोहगाव जातं.

तो आला तर मी आधी सांगेन, गच्ची, पिवळा शर्ट, सगळं. मग त्याला विचारेन. तो खरं बोलला तर पुढचं पुढे. नाही बोलला तर मंडपवाल्याला बाबांनीच नको म्हणून सांगावं लागेल, आणि पुलावर त्यांनी गाडी हळू केली होती तेवढ्या भरवशावर मी ते धरून चालले आहे. आणि तो आलाच नाही, तर तेही उत्तरच.

बाराला डॉक्टर सिमेंट कालवतील. कोणी आलं तरी, नाही आलं तरी, दात फट ठेवूनच बसतील.

सुमेधभाऊजींना नमस्कार सांग. पहिल्यांदाच लिहीत आहे, नीट पोचव.

तुझी
उर्वशी